धातूच्या गिटारीची मोडलेली मान
(नभोवाणीवरील भाषण)

वाद्यांची दुरुस्ती म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें सतार, तंबोरा, फार तर बाजाची पेटी उभी राहते. आजचा माझा विषय मात्र समुद्रापलीकडचा आहे. ज्या गिटारीची पेटी लाकडाची नसून पत्र्याची असते आणि जिच्या पोटांत ॲल्युमिनियमचा पातळ शंकु बसविलेला असतो, अशा अमेरिकन गिटारीची मान वांकली किंवा मोडली तर ती कशी सुधारावी, हें मी आज सांगणार आहें. मी एक निवृत्त शाळामास्तर. गणिताच्या जोडीला सुतारकामाचा तासही पुष्कळ वर्षें माझ्याकडे असे. तेव्हां स्वरशास्त्रावर अधिकारवाणीनें बोलणें हें माझें काम नव्हे; परंतु लाकूड कां मोडतें व तें कसें सांधावें, एवढें मला सांगतां येईल, आणि आजच्या विषयाचें मर्मही तेंच आहे. कारण धातूचें म्हणून मिरविणाऱ्या या वाद्यांत दुखणें उद्भवतें, तें बहुधा त्याच्या लाकडांतच.

प्रथम हें वाद्य जन्मास कसें आलें तें पाहूं. १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत हवाई बेटांतील संगीताची मोठी आवड उत्पन्न झाली होती. त्या पद्धतीचे वादक गिटार मांडीवर आडवी ठेवीत आणि बोटांनीं तार दाबण्याऐवजीं तारेवरून पोलादी कांडी सरकवीत. आपल्याकडे विचित्रवीणेवर कांचेचा गोटा फिरवितात, त्याच जातीची ही रीत. स्वर मोठा गोड निघे, पण आवाज नाजूक. नृत्यगृहांतील कर्णे आणि पडघम दुमदुमूं लागले कीं गिटार असून नसल्यासारखी होई. आणि विजेच्या साह्यानें तिचा आवाज वाढविण्याची सोय तेव्हां झालेली नव्हती. लॉस एंजेलिस येथील जॉर्ज बीचम या वादकानें ही अडचण जॉन डोपेरा नांवाच्या कुशल कारागिरापुढें मांडली. डोपेरा यांचा जन्म १८९३ सालचा. त्यांची जन्मभूमि आज स्लोव्हाकिया या देशांत मोडते.

डोपेरा यांनीं योजलेली युक्ति अशी. साध्या गिटारींत तारेचें कंपन घोडीवाटे लाकडी तबलीस मिळतें. डोपेरा यांनीं घोडी नेऊन ठेविली ती ॲल्युमिनियमच्या पातळ अशा तीन शंकूंवर. ग्रामोफोनचा पडदा सुईचें कंपन घेऊन जसा बोलूं लागतो, तसे हे शंकु तारेचें कंपन घेऊन बोलूं लागले. १९२७ सालीं 'नॅशनल' या नांवानें ही गिटार बाजारांत येऊं लागली. तिच्या पेटीचा पत्रा 'जर्मन सिल्व्हर'चा असे. नांवांत चांदी असली तरी या धातूंत चांदीचा लवलेशही नाहीं. तांबें, निकेल व जस्त यांचें तें मिश्रण. पुढें एकाच मोठ्या शंकूची, पितळी किंवा पोलादी पत्र्याची स्वस्त गिटारही निघाली. डोपेरा यांनीं लौकरच वेगळें होऊन भावांसह 'डोब्रो' नांवाची गिटार काढली. तिची पेटी बहुधा लाकडी असे. 'डोपेरा ब्रदर्स' या शब्दांच्या आरंभींचीं अक्षरें जोडून झालेल्या या नांवाचा स्लोव्हाक भाषेंत 'चांगलें' असाही अर्थ होतो.

१९३० नंतर विजेची गिटार आली, आणि गंमत अशी कीं तिच्या उभारणींतही बीचम यांचाच पुढाकार होता. तिच्यापुढें शंकूची गिटार मागें पडली, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास धातूच्या पेटीच्या गिटारी होणें बंद पडलें. परंतु ज्यांच्या कानांत तो झणझणीत नाद बसला होता, त्यांनीं तिला टाकलें नाहीं. टॅम्पा रेड, सन हाउस यांसारख्या ब्लूज गायकांनीं ती वाजविली. १९८५ सालीं निघालेल्या 'ब्रदर्स इन आर्म्स' या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर जी चकचकीत गिटार आहे, ती १९३७ सालची नॅशनलच होय. १९८९ सालीं कॅलिफोर्नियांत 'नॅशनल रेझोफोनिक' ही नवी कंपनी निघून अशा गिटारी पुन्हा होऊं लागल्या. आपल्या देशासही हें वाद्य अगदींच परकें नाहीं. ताउ मो हे हवाई पद्धतीचे थोर वादक आपल्या कुटुंबासह दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत हिंदुस्थानांत राहिले होते, आणि त्यांच्या हातीं असे ती हीच तीन शंकूंची गिटार.

तात्पर्य, महायुद्धापूर्वींची जी प्रत्येक धातूची गिटार आज शिल्लक आहे, ती ऐंशी वर्षांहून जुनी आहे. तिच्यासारखी दुसरी त्या काळची गिटार आतां होणें नाहीं. म्हणून तिच्या दुरुस्तींत घाई करणें हें जुन्या पोथीचें फाटलें पान खळीनें चिकटवून टाकण्यासारखें आहे.

आतां रचनेकडे वळूं. सतारीच्या ज्या भागास आपण दांडी म्हणतों, तीच गिटारीची मान. तिच्यावर पडदे असतात, वरच्या टोकास डोकें व खुंट्या असतात, आणि डोकें सुरू होतें तेथें तारा टेकतात ती अटी. मान पेटीस भिडते त्या जाड भागास आपण टांच म्हणूं. साध्या गिटारींत ही टांच पेटीच्या आंतील लाकडी ठोकळ्यांत घट्ट बसवून चिकटवितात. धातूच्या पेटींत असें करतां येत नाहीं, कारण सरसानें लाकूड लाकडास धरतें, पत्र्यास धरीत नाहीं. म्हणून कारागिरांनीं मानेलाच पुढें एक लांब काठी जोडली. ही काठी पत्र्याच्या पेटींत शिरून शंकूच्या खालून पार दुसऱ्या टोकाच्या दिशेनें जाते. काठी व पेटीची पाठ यांच्यामध्यें लाकडाचे लहान ठोकळे टेंकू म्हणून दडपून बसविलेले असतात. शिवाय पडद्यांची पट्टी पेटीवर जेथें टेकते, तेथें शिंपल्याच्या शोभिवंत ठिपक्यांखालीं स्क्रू दडविलेले असतात. सारांश, ही मान चिकटविलेली नसून टेंकू, काठी आणि स्क्रू यांच्या जोरावर उभी असते. ज्याला हें ठाऊक नाहीं, तो ती उपटावयास जातो आणि चांगला पत्रा मात्र वांकवून ठेवतो.

या मानेवर भार किती असतो, याची कल्पना आहे काय? सहा पोलादी तारा सुरांत लावल्या म्हणजे त्यांची एकत्र ओढ सुमारें ७५ ते ८५ किलोग्रॅम होते. एखादा धट्टाकट्टा माणूस रात्रंदिवस मानेला लोंबकळत राहावा, तसा हा प्रकार आहे. हल्लींच्या पुष्कळ गिटारींच्या मानेंत पोलादी सळई असते व ती पिळून बांक काढतां येतो. जुन्या नॅशनल गिटारींत अशी पिळण्याची सोय नाहीं. पत्रा नमत नाहीं, तारा नमत नाहींत. मग नमावयाचें कोणीं? लाकडानें. तें वर्षानुवर्षें थोडें थोडें नमतें, टेंकू सुकून ढिले होतात, आणि एके दिवशीं वादक म्हणतो, "तार फार उंच झाली, दाबतां दाबवत नाहीं."

येथें दुरुस्तीचा पहिला नियम येतो. रोग कोठें आहे तें ठरविल्यावांचून हत्याराला हात लावूं नये. तार उंच होण्याचीं कारणें निरनिराळीं असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. किंबहुना, तार उंच असणें हा रोगच आहे कीं नाहीं, हेंही आधीं विचारावें. मांडीवर घेऊन कांडीनें वाजविणारास तार उंचच लागते. ती पडद्यास टेकली तर त्याचें काम बिघडतें. बोटांनीं वाजविणारास मात्र बाराव्या पडद्यावर ती अडीच-तीन मिलिमीटरांहून फार उंच चालत नाहीं. तेव्हां एकाचें दुखणें तें दुसऱ्याचें आरोग्य!

परीक्षा तीन आहेत आणि तिन्ही घरच्या घरीं करतां येतात. पहिली, मानेच्या बांकाची. एक तार पहिल्या पडद्यावर आणि पेटीलगतच्या पडद्यावर अशी दोन्ही ठिकाणीं दाबून धरावी. ताणलेली तार ही सर्वांत सरळ मोजपट्टी होय. मधल्या पडद्यावर एक-दोन कागद सरकतील एवढी फट दिसली तर मान ठीक आहे. फट मोठी असेल तर मान धनुष्यासारखी वांकली आहे. दुसरी परीक्षा कोनाची. लांब पोलादी मोजपट्टी पडद्यांवर ठेवून घोडीपर्यंत न्यावी. तिचें टोक घोडीच्या माथ्याच्या जवळपास आलें पाहिजे. मान सरळ असूनही तें बरेंच खालीं राहिलें, तर दोष लाकडाच्या बांकाचा नसून मान पेटीशीं करीत असलेल्या कोनाचा आहे. तिसरी परीक्षा ढिलेपणाची. तारा चढविलेल्या असतांना डोकें हलक्या हातानें पुढें-मागें करून पाहावें. टांचेजवळची फट उघडझांप करूं लागली, तर आंतले टेंकू सुटले आहेत असें समजावें.

या परीक्षा न करतां पुष्कळ जण सोपा मार्ग धरतात. घोडीचा माथा कानशीनें घांसून तार खालीं आणतात. साध्या गिटारींत थोड्या प्रमाणांत हें चालेल, येथें चालत नाहीं. तार घोडीवरून पलीकडे उतरतांना जो कोन करते, त्या कोनामुळेंच शंकूवर योग्य दाब पडतो. घोडी घांसली कीं कोन उथळ होतो, दाब कमी पडतो आणि आवाज मरगळतो. दाब फाजील झाला तर शंकु बसतो, तें वेगळेंच. म्हणून दोष मानेचा असतां शिक्षा घोडीला देऊं नये.

परीक्षा झाल्यावर वाद्य उघडावें. तारा एकदम न कापतां सर्व थोड्या थोड्या उतरवाव्या. वरच्या जाळीदार झांकणाचे स्क्रू काढून, ते ज्या भोंकांतून निघाले त्याच क्रमानें पुठ्ठ्यावर टोंचून ठेवावे. आंतला शंकु चिकटविलेला नसतो. तो केवळ तारांच्या दाबानें आपल्या कांठावर बसलेला असतो. तो कसा बसला होता याची पेन्सिलीनें खूण करून, कडेला धरून उचलावा. त्यावर आंगठा दाबला तरी पोचा पडतो. शंकु निघाला म्हणजे काठी आणि टेंकू उघडे दिसतात. पुष्कळदां खरा रोग येथेंच आढळतो. एखादा टेंकू सुकून सुटलेला असतो, आणि त्याच्या जागीं योग्य जाडीचा ठोकळा घट्ट बसविला कीं मान जागच्या जागीं येते. काठीखालचा टेंकू जाड केला म्हणजे काठीचें टोंक वर उचललें जातें आणि डोकें मागें झुकतें; मात्र वर उचललेली काठी शंकूस लागणार नाहीं, एवढें पाहावें. अशा वेळीं करवत-पटाशीस हात लावण्याचें कारणच उरत नाहीं.

एवढ्यानें भागलें नाहीं, तर मान बाहेर काढून कोन बदलावा लागतो. पट्टीवरचे ठिपके किंचित् उष्णता देऊन अलगद उचकटावे, खालचे स्क्रू काढावे, टेंकू सोडवावे आणि काठीसह मान सरळ बाहेर ओढावी. नंतर टांच जेथें पत्र्यास भिडते, तेथें खालच्या टोंकाशीं थोडें लाकूड काढावें, आणि वर जातां जातां तें शून्यावर आणावें. थोडें म्हणजे किती? येथें शाळेंतलें त्रैराशिक कामास येतें. बारावा पडदा पेटीच्या कडेवर येतो अशी गिटार घ्या. समजा, टांचेची उंची ६० मिलिमीटर आहे आणि पेटीच्या कडेपासून अटीपर्यंतचें अंतर ३०० मिलिमीटर, म्हणजे टांचेच्या पांचपट. टांचेच्या खालच्या टोंकाशीं अर्धा मिलिमीटर लाकूड काढलें, तर अटी पांचपट, म्हणजे अडीच मिलिमीटर मागें जाईल. आणि बारावा पडदा तारेच्या मध्यावर असल्यामुळें तेथें तार त्याच्या निम्म्यानें, म्हणजे सव्वा मिलिमीटरनें खालीं येईल. पाहा, नखाच्या जाडीएवढ्या लाकडानें वाद्याचा स्वभाव पालटतो! म्हणून येथें रंधा चालवूं नये. काचकागदाचे चार हात मारावे, मान बसवून पाहावी, पुन्हा काढावी. कोन बदलल्यावर पट्टीचा पेटीवरील भाग किंचित् उचलला जाईल. त्याखालीं बारीक पाचर द्यावी आणि मगच स्क्रू आवळावे. नुसते स्क्रू आवळून ती फट मिटविली, तर पट्टीला तेथें खड्डा पडतो.

मान धनुष्यासारखी वांकली असेल तर उपाय निराळा. बांक थोडा असेल तर पडदे काढून पट्टी रंधून सरळ करतात आणि नवे पडदे बसवितात. नव्या पडद्यांचीं पातीं खांचेपेक्षां किंचित् जाड घेतलीं, तर प्रत्येक पातें पाचरीसारखें काम करून मानेला मागें रेटतें. बांक मोठा असेल तर पट्टी उष्णतेनें सोडवून तिच्याखालीं मानेंत लांब खांच घेतात व तींत कार्बन-तंतूंची कांब बसवितात. ही कांब वजनानें हलकी, पण वांकण्यास अतिशय नाखूष असते. आणि ती पट्टीखालीं झांकली जात असल्यामुळें वाद्याच्या रूपांत कांहीं फरक दिसत नाहीं.

आतां प्रत्यक्ष मोडण्याविषयीं. वाद्य पडलें म्हणजे तें बहुधा अटीच्या मागें, डोकें सुरू होतें तेथें मोडतें. याचें कारण उघड आहे. डोकें मागें कललेलें असतें, पण लाकडाचे तंतु सरळ धांवत असतात. त्यामुळें त्या वळणावर ते तुटक होतात. शिवाय खुंट्यांसाठीं डोक्यास खांचा पाडलेल्या असतात. ऊंस पेरावर मोडण्यास कठीण जातो, पण उभा सहज चिरतो, हें आपण जाणतोंच. लाकडाचेंही तसेंच आहे.

मोड ताजी व स्वच्छ असेल तर ती उत्तम सांधते. तुटलेल्या तोंडांवर काचकागद मारूं नये, कुसळें उपटूं नयेत. तीं कुसळें म्हणजे करवतीच्या दांत्यांप्रमाणें एकमेकांत बसणारे दांत आहेत. तीं राहिलीं तरच मोड नेमकी जुळते. आधीं सरस न लावतां तुकडे जुळवून, शिकंजे कसे लागतील याची रंगीत तालीम करावी. मग कातड्याचा सरस थंड पाण्यांत भिजवून, दुसऱ्या भांड्यांतील गरम पाण्यावर सुमारें ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा. तो उकळूं देऊं नये. उकळला कीं त्याची पकड जाते. लाकूडही थोडें कोमट करून, सरस लावून, झटपट शिकंजे आवळावे व दिवसभर हलवूं नये. सरसाचा मोठा गुण असा कीं, पुढें कधीं सांधा उघडावयाचा झाला तर तो उष्णता व ओलावा यांनीं सुटतो. हल्लींचीं इपॉक्सीसारखीं द्रव्यें पोकळी भरून काढतात, म्हणून लाकूड हरवलेल्या मोडीवर तीं कधीं घ्यावीं लागतात. परंतु एकदां लाविलेलें इपॉक्सी सोडविणें महाकठीण, आणि त्यावर दुसरा सरस नीट धरत नाहीं. मोड पूर्वीं एकदां सांधलेली असेल किंवा तंतु नाहींसे झाले असतील, तर सांध्यावरून लांबीच्या दिशेनें दोन खांचा घेऊन त्यांत त्याच जातीच्या लाकडाच्या पट्ट्या, तंतु उभे राहतील अशा, बसवाव्या. खिळा किंवा स्क्रू मात्र कदापि मारूं नये. तो एकाच बिंदूवर ओढतो आणि आज दाबलेली चीर उद्यां लांबवितो.

तीन शंकूंची जी गिटार केवळ मांडीवर घेऊन वाजविण्यासाठीं केलेली असते, तिची गोष्ट वेगळी. तिची मान चौकोनी, पोकळ व पेटीच्याच पत्र्याची असून लाकूड मुख्यतः डोक्याकडे असतें. तेथें डाग उसवला असेल तर तें काम डाग देणाऱ्या जाणत्या कारागिराचें. कथिल-शिशाचा डाग वितळावयास १८० अंशांहून अधिक उष्णता लागते, आणि तेवढ्या उष्णतेंत जवळचा सरसाचा सांधा तग धरीत नाहीं. म्हणून लाकूड आधीं बाजूस काढावें. तसेंच, चकाकी आणण्याच्या हौसेनें पत्रा खसाखसा घांसूं नये. निकेलचा मुलामा पातळ असतो, तो गेला कीं घरीं परत आणतां येत नाहीं.

शेवटचा प्रश्न जुनी मान कीं नवी, हा. नवी मान करून बसविणें कारागिरास पुष्कळदां सोपें जातें, आणि ती सरळही असते. तथापि जुन्या वाद्याची मान टाकून देणें हा शेवटचा उपाय समजावा. लाकूड किडीनें पोखरलें असेल, किंवा वारंवार मोडून त्याचा भुगा झाला असेल, तरच तो योजावा. आणि तेव्हांही जुनी मान फेंकून न देतां वाद्याच्या पेटाऱ्यांत ठेवावी. ज्या हातांनीं ती प्रथम घडविली, त्यांची मोजमापें तिच्यांत आहेत. पुढच्या कारागिरास तोच खरा नकाशा. कोणतीही दुरुस्ती केली, तरी काय केलें आणि केव्हां, हें पेटींतील काठीवर पेन्सिलीनें लिहून ठेवण्याची चाल फार चांगली.

ज्यांच्या घरीं असें वाद्य असेल त्यांनीं एवढें पाळावें. तें भिंतीला टेकवून उभें ठेवूं नये. मोटारींत उन्हांत ठेवूं नये. पावसाळ्यांत बंद खोक्यांत दिवसेंदिवस कोंडूं नये, नाहींतर लाकूड फुगतें व पोलादी पत्र्यास गंज चढतो. वर्षांतून एकदां वर सांगितलेल्या तीन परीक्षा कराव्या. दुखणें लहान असतांना टेंकूवर भागतें. मोठें झालें म्हणजे करवत लागते.

श्रोतेहो, दुरुस्ती चांगली कोणती? जी डोळ्यांना दिसत नाहीं ती, असें पुष्कळांस वाटतें. माझ्या मतें, जी पुढच्या माणसाची वाट अडवीत नाहीं, ती चांगली. या वाद्यांचे मूळ कर्ते आज हयात नाहींत. तीं आपल्यापुढेंही आणखी दोन-तीन पिढ्या वाजावयाचीं आहेत. उद्यां कोणी कारागीर हेंच वाद्य उघडील, आपला सांधा पाहील आणि त्याला तो उघडतां येईल. एवढी व्यवस्था आपण ठेविली, म्हणजे आपलें काम झालें.